१८० मशीनच्या लॅबसाठी लिनक्सचा मिरर लावावा का, आणि लावला तर सांभाळायचा कसा?

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो बरोबर कळलाय की नाही ते तुम्हालाही बघता येईल. हिंगणा रोडवरचं इंजिनीअरिंग कॉलेज, तीन लॅब मिळून १८० मशीन, निम्म्यांवर उबुंटू २२.०४ आणि निम्म्यांवर २४.०४, शिवाय दोन डेबियन सर्व्हर (दोन्ही लिनक्सचेच प्रकार). लाइन १०० एमबीपीएसची. सकाळी लॅब उघडली की सगळी मशीन एकदम अपडेट ओढतात आणि ऑफिसचं नेट बसतं. म्हणून एका जुन्या सर्व्हरमध्ये ४ टीबीची डिस्क टाकून तुम्ही ‘डब्ल्यूगेट’ या फाइली उतरवणाऱ्या हत्याराने उबुंटूची अख्खी रिपॉझिटरी, म्हणजे सॉफ्टवेअरच्या पॅकेजेसचं कोठार, उतरवायला घेतली. तीन दिवस लागले, मध्ये दोनदा लाइन तुटली, दोन्ही वेळा ‘कंटिन्यू’चा पर्याय लावून तुम्ही काम पुढे नेलं. आता क्लायंटवर, म्हणजे लॅबच्या मशीनवर, ‘हॅश सम मिसमॅच’ ही एरर येतेय. पूर्ण मिरर, म्हणजे त्या कोठाराची घरातली हुबेहूब प्रत, करायची योग्य पद्धत कोणती, हा प्रश्न.

तुमचा खरा प्रश्न मला वेगळाच दिसतो. त्रास आहे तो सकाळच्या गर्दीचा. मिरर हा त्यावर तुम्ही मनाशी ठरवून टाकलेला उपाय आहे. नागपुरातल्या दोन-तीन संस्थांचे सर्व्हर मी गेली बरीच वर्षं सांभाळतेय, आणि मिरर मागायला आलेल्या दहांपैकी सात-आठ जणांना मी कॅश (एकदा आणलेला माल साठवून पुन्हा देणारी सोय) लावून परत पाठवलंय. उरलेल्यांना मात्र मिररच हवा होता. तुम्ही कोणत्या गटात बसता ते दोन-तीन गोष्टींवर ठरेल, तेव्हा आधी ते बघू.

हिशोब सोपा आहे. एका मशीनला समजा आठवड्याला ३०० एमबीचे अपडेट लागतात. १८० मशीनचे झाले ५४ जीबी. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण क्षमतेने धावली, तरी ५४ जीबी उतरायला ७२ मिनिटं. त्या ७२ मिनिटांत ऑफिसात कोणी फॉर्म भरत असेल तर त्याच्या शिव्या तुम्हालाच. सगळी मशीन एकाच वेळी का तुटून पडतात, त्यालाही कारण आहे. उबुंटूत अपडेटचं काम टायमरवर असतं, आणि रात्री बंद असलेलं मशीन चुकलेलं काम सकाळी चालू झाल्या झाल्या उरकायला घेतं. लॅब असिस्टंट नऊ वाजता साठ मशीनची बटणं दाबत गेला, की साठही मशीन तासाभरात रांगेत हजर.

आता बघा, त्या ५४ जीबीत वेगळा माल किती? दोन आवृत्त्यांचे मिळून ६०० एमबी. तोच माल पुन्हा पुन्हा बाहेरून येतोय. एका मशीनने तो एकदा आणला आणि बाकीच्यांनी तिच्याकडून घेतला, तर प्रश्न मिटला. हे काम कॅशिंग प्रॉक्सीचं. ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवायला अर्धा तास लागतो, तो ३१४२ पोर्टवर ऐकतो आणि क्लायंटवर एका ओळीची फाइल ठेवली की झालं. एखादं पॅकेज पहिल्यांदा मागितलं गेलं की तो ते बाहेरून आणतो, डिस्कवर ठेवतो, पुढे मागणाऱ्या सगळ्यांना तिथूनच देतो. शंभर-दीडशे जीबी जागा भरपूर झाली.

पूर्ण मिररचं गणित उलटं आहे. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं तेव्हा त्यात ६४,४१९ पॅकेजेस होती. तुमच्या लॅबच्या एका मशीनवर बसवलेली पॅकेजेस मोजून बघा, दोन-अडीच हजारांच्या आसपास भरतील. उरलेली हजारो पॅकेजेस तुमच्या लॅबमध्ये कोणी कधी मागणार नाही. तरी मिरर ती रोज इमानेइतबारे आणत बसणार. १ टीबी उतरवायला १०० एमबीपीएसवर कागदावरच २२ तास लागतात, प्रत्यक्षात दोन दिवस धरा. म्हणजे लाइन वाचवायला लावलेला मिररच लाइनचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक होऊन बसतो. हे मी एका ठिकाणी स्वतः करून बघितलंय, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

मग मिरर कोणाला हवा? ज्यांची लाइन दिवसेंदिवस बंद पडते आणि तरी लॅब चालवावी लागते, त्यांना. प्रॅक्टिकल परीक्षेच्या महिन्यात सगळ्या मशीनवर एकच ठरलेली, गोठवलेली आवृत्ती हवी असते, त्यांना. सुरक्षेमुळे ज्यांच्या मशीनला बाहेरचं नेट दिसतच नाही, त्यांना. आणि ज्यांच्या कॅम्पसवर होस्टेलसकट हजारांनी मशीन आहेत आणि कोण काय मागेल याचा नेम नाही, त्यांना. आणखी एक कारण लोकांना उशिरा उमगतं. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ या लिनक्सचा आधार संपला, आणि पाठोपाठ त्याची मिरर-यादी देणारा पत्ताच बंद झाला. जुन्या सर्व्हरवर नवं पॅकेज टाकायला गेलेल्यांना ‘होस्ट सापडत नाही’ एवढंच दिसायचं. माल जुन्या संग्रहात शाबूत होता, पण तिकडचा पत्ता हाताने घालावा लागला. ज्यांच्याकडे घरचा मिरर होता, त्यांना त्या दिवशी काही झालंय हे कळलंसुद्धा नाही.

तुम्ही लिहिलेल्या एवढ्यावरून माझा कल कॅशकडे आहे. पण परीक्षेच्या काळात नेट बंद ठेवावं लागतं, असंही तुम्ही ओघात लिहिलंय. तसं असेल तर मिररला अर्थ आहे. फक्त पूर्ण नको, निवडक हवा. म्हणून इथून पुढे मिरर करायचाच असं धरून लिहिते.

आधी ते ‘हॅश सम मिसमॅच’. ते का आलं हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुटतं. रिपॉझिटरीत दोन भाग असतात. ‘पूल’मध्ये खरा माल, म्हणजे पॅकेजच्या फाइली. ‘डिस्ट्स’मध्ये त्या मालाच्या याद्या. सगळ्यात वर ‘इनरिलीज’ नावाची सही केलेली फाइल. तिच्यात प्रत्येक यादीचा हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा, असतो, आणि यादीत प्रत्येक पॅकेजचा. क्लायंट वरून खाली ही साखळी तपासत येतो. एक कडी जुळली नाही की तो माल घेत नाही, आणि तेच बरोबर आहे.

तुमच्याकडे काय झालं असणार? उतरवणं चालू असताना तीन दिवसांत तिकडे याद्या अनेकदा बदलल्या. तुमच्याकडे सोमवारची ‘इनरिलीज’ आणि बुधवारची यादी, असा संसार झाला. वर ‘कंटिन्यू’ने खोडी केली. डब्ल्यूगेटचा हा पर्याय फक्त लांबी बघतो. तुमच्याकडची फाइल लहान आणि सर्व्हरवरची मोठी, तर राहिलेली शेपटी आणून तो जुन्या फाइलला जोडून देतो. अर्धवट उतरलेल्या पॅकेजला हे ठीक, कारण पॅकेजची फाइल एकदा आली की बदलत नाही. पण यादी रोज बदलते. जुन्या यादीला नव्या यादीची शेपटी जोडली की जी फाइल तयार होते, ती जगात कुठेच नसते. तिचा हॅश कशाशी जुळणार?

म्हणून मिररचा पहिला नियम क्रमाचा. आधी माल, मग याद्या, पुसणं सगळ्यात शेवटी. लग्नातल्या पंगतीसारखं आहे हे. पानं पूर्ण वाढून झाल्याशिवाय ‘बसा’ म्हणायचं नाही, आणि माणूस जेवत असताना त्याची पत्रावळ उचलायची नाही. उबुंटूची आणि डेबियनची मिररसाठीची आरसिंकची (दोन ठिकाणच्या फाइली जुळवून घेणाऱ्या हत्याराची) रीत याच क्रमाने चालते. पहिल्या फेरीत ‘पॅकेजेस’, ‘सोर्सेस’, ‘रिलीज’, ‘इनरिलीज’ या फाइली वगळून सगळं आणायचं, पुसायचं काहीच नाही. दुसऱ्या फेरीत याद्या आणायच्या आणि जे तिकडून गेलंय ते फेरीच्या अगदी शेवटी पुसायचं. दोन फेऱ्यांच्या मध्ये कोणी क्लायंट आला तर त्याला जुनी यादी आणि जुना माल मिळतो; थोडं शिळं, पण जुळणारं. डेबियनसाठी ही सगळी शिस्त ‘एफटीपीसिंक’ नावाच्या तयार स्क्रिप्टमध्ये आहे. ती सोडून स्वतःची लिहू नका. मी लिहिली होती. ती गोष्ट पुढे येतेच.

फक्त दोन उबुंटू आवृत्त्या आणि ६४-बिटचाच माल हवा असेल, तर आरसिंकने ते सरळ जमत नाही. ‘पूल’मध्ये सगळ्या आवृत्त्यांचा माल एकत्र पडलेला असतो, नुसत्या नावावरून कोणती फाइल २२.०४ ची आणि कोणती २४.०४ ची हे कळत नाही. त्यासाठी याद्या वाचून माल निवडणारं हत्यार लागतं. ‘डेबमिरर’ आणि ‘ॲप्ट-मिरर’ ही त्यातली नेहमीची दोन. ‘ॲप्ट-मिरर’ सोपा आहे, पण त्याच्याकडे बरीच वर्षं फारसं कोणी लक्ष दिलेलं नाही, आणि काही पूरक फाइली तो आणतच नाही. मग क्लायंटवर ‘कमांड्स’ नावाची फाइल मिळाली नाही अशी तक्रार येते आणि माणूस उगाच दिवसभर शोधत बसतो. मी ‘डेबमिरर’ वापरते. परीक्षेसाठी गोठवलेली प्रत हवी असेल तर ‘ॲप्टली’ बघा. त्यात ठरावीक दिवसाचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या दिवशीची जशीच्या तशी प्रत, काढून त्याला नाव देता येतं आणि क्लायंट महिनाभर तेवढंच बघतात. मात्र ॲप्टली तो स्नॅपशॉट तुमच्या स्वतःच्या डिजिटल किल्लीने सही करून प्रसिद्ध करतं, त्यामुळे ती किल्ली आधी क्लायंटवर पोचवावी लागते.

डेबियनच्या सुरक्षा-संग्रहाच्या याद्यांवर मुदत लिहिलेली असते. दोन महिने गोठवून ठेवलेली मूळ प्रत क्लायंट नाकारेल. तेव्हा मुदतीची तपासणी फक्त त्या स्रोतापुरती बंद करायची, सगळ्या मशीनवर सरसकट नाही.

रॉकी किंवा अल्मा या दुसऱ्या घराण्यातल्या लिनक्सचा एखादा सर्व्हर पुढे आला तर ‘रेपोसिंक’ वापरा आणि क्लायंटवरची मिरर-यादीची ओळ बंद करून तुमचा पत्ता घाला. त्यात विशेष काही नाही.

वेब सर्व्हरबद्दलही फार लिहायला नको. एनजिनएक्स घ्या, फोल्डर दाखवा, झालं. एकच आग्रह आहे: क्लायंटवर आयपी लिहू नका, नाव लिहा. १८० मशीनची इमेज एकदा आयपी घालून क्लोन झाली आणि दोन वर्षांनी नेटवर्कवाल्याने रेंज बदलली, की तुम्हाला १८० खुर्च्यांवर बसून यावं लागतं. दुसरं, २४.०४ मध्ये स्रोतांची फाइल बदललीय. ‘सोर्सेस डॉट लिस्ट’मध्ये आता जवळपास काही नसतं, पत्ता ‘उबुंटू डॉट सोर्सेस’ या वेगळ्या फाइलमध्ये आणि वेगळ्या मांडणीत असतो. जुनी बदलाची स्क्रिप्ट त्यावर चालवली तर ती काही न करता ‘झालं’ म्हणून परत येते.

आता सांभाळण्याविषयी. मिरर उभा करणं दोन दिवसांचं काम आहे. त्यानंतर तो काय करतो, ते मी एका उन्हाळ्यात शिकले.

माझी ती घरगुती स्क्रिप्ट रात्री अडीचला क्रॉनवर (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीवर) चालायची. एका वेळी दोन प्रती चालू नयेत म्हणून सुरुवातीला ती एक रिकामी ‘लॉक’ फाइल बनवायची आणि शेवटी पुसायची. लॉक आधीच दिसली तर ‘काम चालू आहे’ असं समजून गुपचूप परत जायची. आणि तिला बोलावणारी दुसरी छोटी स्क्रिप्ट सगळं आटोपलं की एका फाइलमध्ये आजची तारीख लिहायची. मी रोज सकाळी तीच तारीख बघायचे.

मे महिन्याचे शेवटचे दिवस. संध्याकाळी आपल्याकडे जसं होतं तसं झालं: धुळीचं वादळ, चार थेंब, आणि वीज गुल. रात्री आली, पुन्हा गेली. उन्हाने आधीच मेलेल्या यूपीएसच्या बॅटऱ्या दहा मिनिटंही टिकल्या नाहीत, आणि सिंक चालू असतानाच सर्व्हर बंद पडला. सकाळी शिपायाने फोन केला, “मॅडम, लाइट आली न जी, सर्व्हर चालू करून देऊ का?” म्हटलं, द्या करून. सर्व्हर उठला, सगळे दिवे हिरवे. पण लॉक फाइल डिस्कवर तशीच राहिली. त्या रात्रीपासून स्क्रिप्ट रोज उठायची, लॉक बघायची, परत जायची. आणि दुसरी स्क्रिप्ट मागाहून येऊन आजची तारीख लिहायची. सुट्ट्या होत्या, लॅब बंद. मी घरून रोज तारीख बघत होते. रोज ताजी.

जुलैत एका मुलाने विचारलं की मॅडम, माझ्या लॅपटॉपवर ‘ओपनएसएसएल’ या पॅकेजची आवृत्ती लॅबपेक्षा पुढची कशी? मी आधी त्यालाच शहाणपण शिकवलं की तू कुठलातरी बाहेरचा रेपो जोडला असशील. नंतर लॅबच्या मशीनवर ‘ॲप्ट अपडेट’ चालवलं (ॲप्ट म्हणजे उबुंटूचं पॅकेज बसवणारं हत्यार). एकही एरर नाही. ‘सगळी पॅकेजेस अद्ययावत आहेत.’ सहा आठवडे जुना मिरर, आणि क्लायंट शांतपणे सांगतोय की सगळं ठीक आहे.

कारण त्याच्या दृष्टीने ठीकच होतं. सही खरी, हॅश जुळलेले. उबुंटूच्या ‘इनरिलीज’मध्ये मुदतीची ओळ नसते, त्यामुळे ही यादी दीड महिना जुनी आहे हे त्याला कळायला मार्गच नाही. ज्याला घात करायचाय तो हे मुद्दामही करू शकतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी एका काल्पनिक कंपनीच्या नावाने भाड्याच्या सर्व्हरवर मिरर उभे केले आणि ते मोठमोठ्या डिस्ट्रिब्युशनच्या अधिकृत याद्यांत दाखलही झाले. त्यांचा मुद्दा असा की मिररवाल्याला सही खोटी करायची गरजच नाही. त्याने नुसतं जुनं देत राहिलं तरी भोक असलेली पॅकेजेस तुमच्या मशीनवर तशीच राहतात. तो हल्ला मी स्वतःवरच सहा आठवडे करत होते, बिनपगारी.

तेव्हापासून माझ्या तीन सवयी आहेत. लॉकसाठी नुसती फाइल नाही, ‘एफलॉक’ वापरायचं. ते कुलूप कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच, सांभाळतो. प्रोसेस मेली किंवा वीज गेली की ते आपोआप सुटतं. तारीख लिहायची ती आरसिंकने शून्य (म्हणजे ‘सगळं नीट झालं’) हा कोड परत दिला तर. चोवीस हा कोड आला तर चालवून घ्यायचा, त्याचा अर्थ एवढाच की मध्येच काही फाइली तिकडून गेल्या. तेवीस आला तर माल अर्धवट आहे, तारीख लिहायची नाही. आणि तिसरी सवय सगळ्यात महत्त्वाची: मिररला स्वतःची तब्येत विचारायची नाही, बाहेरून मोजायची. दुसऱ्याच एका मशीनवरून तासातासाने तुमच्या मिररची ‘इनरिलीज’ आणि मूळ सर्व्हरची ‘इनरिलीज’ आणून दोन्हींतल्या तारखेच्या ओळी ताडायच्या. ३६ तासांपेक्षा जास्त फरक दिसला की मेल.

यातही एक खड्डा आहे. ‘नोबल’ची, म्हणजे २४.०४ ची, मुख्य ‘इनरिलीज’ तपासू नका. ती आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये बाहेर पडली आणि तेव्हाच थांबली. ती दोन्हीकडे कायम सारखीच दिसणार. तपासायची ती ‘नोबल-अपडेट्स’ आणि ‘नोबल-सिक्युरिटी’.

मोजणाऱ्या यंत्रावर किती विसंबायचं, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. २०२४ च्या मे अखेरीस आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि देशभर बातम्या झाल्या; नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तिथे निदान आकडा अचाट होता म्हणून शंका तरी आली. माझी तारीख रोज अगदी बरोबर दिसत होती, त्यामुळे तीही आली नाही.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर थोडं हार्डवेअरचं. मे महिन्यात सुट्टी म्हणून सर्व्हर रूमचा एसी बंद करायची प्रथा बऱ्याच कॉलेजांत आहे. ‘लॅबच बंद आहे तर एसी कशाला’, हा युक्तिवाद खर्च बघणाऱ्यांना पटतो. मिरर मात्र चालू असतो. एकदा तर कोणीतरी मायेने वाळ्याच्या ताट्यांचा कूलर रॅकसमोर लावून दिला होता. खोलीत शिरले तर वाळ्याचा छान वास, आणि रॅकच्या पत्र्यावर ओलसर धुळीचा थर, बोट फिरवलं की चिखल. कूलर माणसांसाठी उत्तम आहे, पण तो हवेत पाणी सोडतो. डिस्कला आणि पॉवर सप्लायला ते नको. एसी जमत नसेल तर मिरर दोन महिने सरळ बंद ठेवा आणि क्लायंटना मूळ सर्व्हरकडे वळवा. बंद मिरर निदान एरर तरी देतो.

डिस्क घेताना दुकानदाराला ‘एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) आहे का’ एवढं विचारा. सीताबर्डीतल्या दुकानांत स्वस्तात मिळणाऱ्या मोठ्या डेस्कटॉप डिस्क बऱ्याचदा त्या प्रकारच्या असतात. लिहिण्याचं काम वाढलं की त्या रांगतात. मिररच्या मालाचा बॅकअप घेऊ नका, तो परत उतरवता येतो. बॅकअप घ्यायचा तो तुमच्या स्क्रिप्टचा, कॉन्फिगचा आणि किल्ल्यांचा. आणि जागा: डिस्क ८० टक्के भरली की मेल यायला हवी, कारण पुसणं शेवटी होतं. नवा माल येऊन पडलाय आणि जुना अजून गेलेला नाही, अशी काही तासांची अवस्था रोज असते. ९८ टक्क्यांवर चालणारा मिरर त्याच तासांत मरतो.

क्लायंटच्या बाजूला एक सोय आवर्जून करा. ॲप्टला एका फाइलमध्ये मिररची यादी देता येते, प्राधान्यक्रमासकट: पहिला तुमचा, दुसरा मूळ. तुमचा बंद पडला तर क्लायंट दुसऱ्याकडे जातो. आणि सुरक्षेच्या अपडेटचा स्रोत मी मूळ सर्व्हरवरच ठेवते, मध्ये फक्त कॅश. एकच पॅकेज दोन्हीकडे असेल तर ॲप्ट वरची आवृत्ती निवडतो, म्हणजे मिरर शिळा झाला तरी सुरक्षेचं अडत नाही. परीक्षेचा गोठवलेला महिना याला अपवाद. हे मी सहा आठवड्यांच्या त्या प्रकरणाआधी केलं असतं तर त्या मुलाला प्रश्नच पडला नसता.

मिररवर आळ येईल अशा दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. पहिली: काही पॅकेजेस ‘थोपवून ठेवली’ असं मशीन सांगतं. उबुंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं. आधी थोड्या टक्के मशीनना, मग बाकीच्यांना. कोणत्या टप्प्यात कोण, हे मशीनच्या ओळख-क्रमांकावरून ठरतं. मिरर निर्दोष असतो. पण गंमत अशी की लॅबची मशीन क्लोन केलेली असतील आणि तो क्रमांक बदललेला नसेल, तर १८० मशीन म्हणजे ॲप्टच्या लेखी एकच मशीन. सगळी एकदम थांबतात आणि सगळी एकदम सुटतात. इमेज बनवताना ‘मशीन-आयडी’ रिकामी करून मगच क्लोन करा.

दुसरी: २२.०४ पासून उबुंटूचा फायरफॉक्स स्नॅपमधून, म्हणजे उबुंटूच्या दुसऱ्या, वेगळ्या पॅकेज-व्यवस्थेतून, येतो. तो ना तुमच्या मिररमधून येणार, ना ॲप्टच्या कॅशमधून. तुमच्या सकाळच्या गर्दीत स्नॅपचा वाटा किती आहे, हे मोजल्याशिवाय मिररवर खर्च करू नका. मुलं पिपने (पायथनची पॅकेजेस आणणाऱ्या हत्याराने) जे ओढतात तेही वेगळंच. त्यासाठी ‘देवपी’सारखी छोटी कॅश लावता येते, पिपचा अख्खा संग्रह मिरर करायच्या फंदात मात्र पडू नका, तुमची ४ टीबी त्याला नाश्त्यालाही पुरणार नाही.

एचटीटीपीएस लागतं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. माल सही केलेला असतो, त्यामुळे साध्या एचटीटीपीवरही त्यात फेरफार करता येत नाही, हे मूळ उत्तर. पण जानेवारी २०१९ मध्ये खुद्द ॲप्टमध्येच एक दोष सापडला होता, ज्यातून वाटेवर बसलेल्या माणसाला क्लायंटच्या गळ्यात खोटं पॅकेज मारता येत होतं. तो लगेच दुरुस्त झाला. कॅम्पसच्या आतल्या मिररला मी एचटीटीपी चालवून घेते, होस्टेल जोडलेलं असेल तर नाही. आणि सही म्हणजे ‘हे कोणी पाठवलं’ याची खात्री, ‘हे चांगलं आहे’ याची नव्हे. २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ या फाइली दाबणाऱ्या पॅकेजमध्ये घुसवलेला चोरदरवाजा डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत, म्हणजे चाचणीसाठीच्या आवृत्तीपर्यंत, रीतसर सहीनिशी पोचला होता, आणि जगभरच्या मिररनी तो तितक्याच इमानाने वाटला. लॅबवर टेस्टिंग आवृत्ती ठेवू नका, एवढाच याचा तुमच्यापुरता अर्थ.

आता तुमच्या त्या ४ टीबीचं. जे उतरलंय ते फेकू नका. ‘डिस्ट्स’ फोल्डर पूर्ण पुसा, ‘पूल’ तसाच ठेवा आणि त्यावरच ‘डेबमिरर’ चालवा. अर्धवट किंवा बिघडलेली पॅकेजेस हॅश तपासून तो परत आणेल. त्यासाठी पहिल्या वेळी पूर्ण हॅश-तपासणीचा पर्याय लावा, रात्रभर चालेल. पहिल्या दोन-तीन रात्री वेगमर्यादा घालून चालवा आणि सकाळी सातला थांबवा. त्याला मध्ये थांबवलेलं चालतं. क्रॉनची वेळ बरोबर तासाच्या ठोक्यावर ठेवू नका. सगळं जग दोन वाजून शून्य मिनिटांनी त्याच सर्व्हरवर आदळतं. दोन वाजून सदतीस ठेवा.

पण त्याआधी, उद्याच, एक काम करा. एका लॅबपुरता, म्हणजे साठ मशीनना, ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ लावा आणि आठवडाभर त्याच्या अहवालाच्या पानावर किती माल बाहेरून आला आणि किती घरातून गेला ते बघा. त्याच आठवड्यात राउटरवर सकाळी नऊ ते दहा बाहेरच्या कोणत्या पत्त्यांवरून किती आलं तेही काढून ठेवा. हे दोन आकडे आणि परीक्षेच्या काळात नेट नेमके किती दिवस बंद असतं, एवढं इथेच कळवा. ‘डेबमिरर’ची कॉन्फिग त्यानंतर लिहून देते, आत्ता दिली तर ती तुमच्या लॅबची नसेल, माझ्या लॅबची असेल.